पहिल्या भाषेचा रकाना

विशाखा गुंडावारच्या वाचा-उपचार केंद्रातून बाहेर गेलेल्या यादीमुळे पहिला माणूस मारला गेला, तेव्हा ती त्याच माणसाच्या मुलीच्या डोक्यावर टोपी बसवत होती. सकाळचे अकरा वाजले होते. मुलीचं नाव लास्या, वय साडेचार. टोपी थंड लागते म्हणून ती दर वेळी खांदे वर घ्यायची आणि मग आईकडे बघून हसायची. आई, राजेश्वरी, समोरच्या बाकावर बसली होती. लास्याच्या बापाला, मल्लेश सिद्धमला, त्याच वेळी तिथून मैलभर अंतरावर सिमेंट कारखान्याच्या दोन नंबर गेटवर रांगेतून ओढून बाहेर काढत होते.

चिंतलपेठ हे नदीकाठचं गाव. अलीकडे मराठी मुलूख, पलीकडे तेलुगू, मागच्या जंगलात गोंडांच्या वस्त्या. इथलं मूल आईशी एका भाषेत बोलतं, शेजारणीशी दुसऱ्या आणि खेळताना भांडण झालं की तिन्ही एकत्र करतं. पण शाळेत त्याला फक्त मराठीत विचारलं जायचं. ते गप्प राहिलं की त्याच्या कागदावर ‘मंद’ असा शेरा पडायचा. विशाखा वाचातज्ज्ञ होती. असे कागद तिनं अकरा वर्षं पाहिले होते, आणि त्यातली कितीतरी मुलं मंद नव्हती हे तिला माहीत असूनही तिला ते सिद्ध करता येत नव्हतं.

टोपी आल्यावर ते करता यायला लागलं.

टोपीच्या आत चौसष्ट बारीक बटणं असतात. ती मेंदूत उठणाऱ्या विजेच्या लाटा टिपतात. मुलाला आंब्याचं चित्र दाखवायचं आणि कानात शब्द ऐकवायचा. ‘आंबा’ ऐकलं तर मेंदू शांत राहतो. ‘कुत्रा’ ऐकलं तर अर्ध्या सेकंदाच्या आत एक लाट उसळते, कारण शब्द आणि चित्र जुळत नाही. पण मुलाला तो शब्द मुळात येतच नसेल, तर लाट उठत नाही. मुलानं तोंड उघडायची गरज नाही, लाजण्याघाबरण्याचा प्रश्न नाही. मग तेच चित्र दाखवून तेलुगूत ‘मामिडी’ ऐकवायचं, ‘कुक्का’ ऐकवायचं. पुढे गोंडी शब्द. तिन्ही भाषांमधलं ज्ञान एकत्र मोजलं की कळतं, या मुलाकडे किती शब्द आहेत. लास्याकडे सहा महिन्यांपूर्वी तेलुगूतले दोनशे दहा होते, मराठीतले नव्वद आणि गोंडीतले चाळीस. अंगणवाडीत ती एक अक्षर बोलत नव्हती, एवढंच. नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं काही महिने नुसती ऐकत राहतात. विशाखानं तिच्या कागदावरचा शेरा स्वतःच्या हातानं खोडला, तेव्हा राजेश्वरीनं तिचे पाय धरायला वाकायचा प्रयत्न केला होता आणि दोघींची डोकी आपटली होती.

टोपीला आणखी एक गोष्ट कळायची. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात बाळाचा कान आजूबाजूच्या भाषेशी जुळवून घेतो. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च मराठी कानाला वेगळे लागतात. तेलुगू कान आखूड ए आणि लांब ए यांत फरक करतो, मराठी कानाला तो फरक ऐकूच येत नाही. हा पहिला ठसा पुसला जात नाही. पुढे भाषा विसरली, घर बदललं, तरी मेंदू त्या आवाजांना सूक्ष्म प्रतिसाद देतच राहतो. उपचारासाठी या माहितीचा फारसा उपयोग नव्हता. तरी टोपी बनवणाऱ्या कंपनीनं अहवालात एक रकाना वाढवला : प्रथम भाषा. पडद्यावर तीन भाषांच्या तीन रेघा उठत असल्या, तरी त्या रकान्यात एकच शब्द बसायचा.

आणि त्याच वर्षी चिंतलपेठच्या नगरपरिषदेनं ठराव केला, की कारखान्यातली कामं आणि कामगारांच्या लाइनीतल्या खोल्या आधी मूळ मराठी घरांना. रहिवासाचे दाखले कोणालाही मिळतात, अशी तक्रार होती. मजुरांचा ठेकेदार मधुकर डाखरे सभेत उभा राहून म्हणाला, “दाखला विकत भेटते. लेकराचं डोकं विकत नाही भेटत.” टाळ्या पडल्या. त्यातून मूळबोली दल नावाची टोळी उभी राहिली. डाखरे एकदा केंद्रात येऊन मुलांच्या प्रथम भाषांची यादी मागून गेला. विशाखानं त्याला दारातूनच परत पाठवलं.

तिला हे माहीत नव्हतं, की तिच्या हाताखालचा तंत्रज्ञ सुहास बोढे याच्या भावाचं कारखान्यातलं काम गेलं होतं, आणि डाखरेनं ते परत देतो म्हटलं होतं.

पोचूमामा आत्राम, केंद्राचे म्हातारे चौकीदार, धापा टाकत आत आले तेव्हा लास्याची चाचणी संपत आली होती. ते राजेश्वरीकडे बघेनात.

“मॅडम, जरा बाहेर या जी.”

बाहेर व्हरांड्यात त्यांनी सांगितलं. गेटवर डाखरेनं कागद वाचून नावं पुकारली. ज्यांनी अर्जात घरची भाषा मराठी लिहिली आणि ज्यांच्या पोरांच्या डोक्यात तेलुगू निघाली, त्यांना एका बाजूला उभं केलं. मल्लेश म्हणाला, माझा जन्म इथला, मी मराठीच बोलून राहिलो ना तुमच्याशी. त्याला पहिली सळई डोक्यात बसली. मग ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन सगळे त्याच्यावर पडले. दुसऱ्या दोघांना भट्टीकडे माल नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर फेकलं.

“कुठला कागद?” विशाखानं विचारलं.

“आपल्या केंद्राचा, मॅडम. शिक्का हाये त्याच्यावर.”

ती आत गेली. राजेश्वरी तिच्या चेहऱ्याकडे बघून उभी राहिली. विशाखाला तेलुगू येत होती, कामापुरती. हे सांगायला ती पुरणार नव्हती आणि मराठीही पुरली नाही. तिनं फक्त मल्लेशचं नाव घेतलं. राजेश्वरी दोन पावलं दाराकडे गेली, मग खाली बसली आणि दोन्ही हातांनी फरशी बडवायला लागली. लास्या टोपी घातलेल्या डोक्यानं आईकडे बघत राहिली. पडद्यावरच्या तिन्ही रेघा एकदम वर गेल्या होत्या.

एक वाजेपर्यंत लाइनीतून धूर यायला लागला. पत्र्याच्या खोल्या, त्यात गॅसच्या टाक्या. एकेक टाकी फुटली की केंद्राच्या खिडक्या थरथरत. माणसं नदीकडे पळाली. पुलावर ट्रक आडवे लावून पेटवले होते, तिथून परत फिरली. ज्या बायांची मुलं केंद्रात येत, त्यांना दुसरी जागा सुचली नाही. केंद्राला लोखंडी जाळीचं दार होतं आणि आत मधोमध चाचणीची खोली होती : जाड भिंती, रबर लावलेलं दार, आतून कडी, आणि एक मोठी दुहेरी काच. बाहेरचा आवाज आत जाऊ नये आणि मुलांनी शांतपणे ऐकावं म्हणून बांधलेली. अडीच वाजता त्या खोलीत तेवीस मुलं आणि नऊ बाया होत्या. सगळी तेलुगू नव्हती. लाइनीत आग लावताना कोणी घराघराची भाषा विचारली नव्हती. चार घरं अस्सल मराठी होती, दोन गोंड.

विशाखा पोलिसांना फोन करत होती. पूल बंद आहे, जंगलाच्या रस्त्यानं येतोय, दीड तास लागेल, असं उत्तर मिळत होतं.

डाखरे त्याआधी आला. सोबत बारा-तेरा माणसं. पोचूमामा जाळीला पाठ लावून उभे राहिले.

“बाजूले हो, म्हाताऱ्या.”

“लेकरं हायेत आत.”

“म्हणूनच आलो,” डाखरे म्हणाला. त्यानं मान हलवली आणि एका माणसानं पोचूमामांच्या गुडघ्यावर लोखंडी नळी मारली. ते पडले. पडल्यावर तोंडावर मारली. दात फरशीवर उडाले. कुलूप तोडायला त्यांना फार वेळ लागला नाही, आणि आत येताना प्रत्येक जण पोचूमामांच्या अंगावर पाय देऊन आला. संध्याकाळपर्यंत ते वारले.

माणसांच्या मागून सुहास आत आला. त्याच्या शर्टावर रक्त होतं, त्याचं नव्हतं. त्यानं विशाखाकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली, तेव्हा यादी कोणी दिली हे तिला समजलं.

“मॅडम,” डाखरे शांतपणे बोलला. दमलेल्या माणसासारखा तो खुर्चीवर बसला. “आपल्या पोराइशी माहं काही वैर नाही. आपले चार घरं आत अडकले, त्यांच्या बाया रडून राहिल्या असतील. आमचे आमाले द्या. बाकीच्यांचं आम्ही पाहून घेतो.”

“त्यांचे आईबाप येऊन घेऊन जातील.”

“इथं आता सगळेच म्हणतील, मी मराठी. मंग कसं ओळखायचं? तुमची मशीन आहे ना.” त्यानं सुहासकडे अंगठा केला. “हा आहे, त्याले वाचता येते. एकेक पोरगं आणा. माह्या डोळ्यासमोर.”

“मी करणार नाही.”

त्यानं एका माणसाला खूण केली. त्या माणसानं हातातली पेट्रोलची बाटली उघडली आणि चाचणीच्या खोलीच्या दारावर ओतली. रबराला पेट्रोलचा वास सुटला. काचेच्या आतून बाया बघत होत्या.

“सगळेच जातील मंग,” डाखरे म्हणाला. “आपले पण. ते तुमच्या डोक्यावर.”

विशाखानं काचेबाहेर, यंत्राच्या पडद्याशेजारी खुर्ची मांडली आणि टोपी उचलली. तिचं डोकं विचित्रपणे साफ झालं होतं. यंत्रात नव्या तंत्रज्ञांना शिकवण्यासाठी एक साठवलेली चाचणी होती. एका मराठी मुलीची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ती लावली की टोपी कोणाच्याही डोक्यावर असो, पडद्यावर त्याच रेघा यायच्या : मराठीची भगवी उंच, तेलुगूची निळी आणि गोंडीची हिरवी जमिनीला टेकलेली. विशाखानं आपल्या पाठीनं पडदा झाकून ती सुरू केली.

पहिलं मूल गोंडाचं होतं. चाचणी साडेतीन मिनिटांची होती. भगवी रेघ चढली. बत्तिसाव्या सेकंदाला तिन्ही रेघांना एक बारीक झटका बसला, आणि विशाखानं सुहासकडे पाहिलं. त्या साठवलेल्या चाचणीत मुलगी बत्तिसाव्या सेकंदाला खोकली होती. ती मुलगी सुहासच्या भावाची होती. चाचणी सुहासनंच घेतली होती, आणि हा खोकला गाळायला हवा होता म्हणून दोघं त्यावर कितीदा तरी हसले होते.

सुहास पडद्याकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला.

“काय निघाली?” डाखरेनं विचारलं.

सुहास म्हणाला, “मराठी.”

दुसरं मूल तेलुगू. “मराठी.” तिसरं तेलुगू. “मराठी.” पास झालेल्या मुलांना व्हरांड्यात बसवत होते. चौथ्या मुलीच्या वेळी डाखरेनं विचारण्याआधीच सुहासनं उत्तर दिलं, आणि तिथं तो चुकला.

डाखरे उठला. “सगळेच मराठी? लाइन कोणाची जाळली मंग आपण?” दोघेतिघे हसले. तो हसला नाही. तो काचेपाशी गेला, आत वाकून पाहिलं आणि बोट दाखवलं.

“ते निळ्या फ्रॉकातली. मल्लेशची ना ते? तिचा कागद मी सोता वाचला सकाळी. तिले लावा. तिची मराठी निघाली, तर तुम्ही एवढ्या वेळपासून आमाले येडे बनवून राहिले.”

विशाखा दार उघडून आत गेली. आतल्या शांततेत मुलांचे श्वास ऐकू येत होते. राजेश्वरीनं लास्याला पोटाशी घट्ट धरलं होतं. विशाखानं हात पुढे केला, आणि राजेश्वरीनं मुलीला सोडलं. विशाखा त्या क्षणाचा पुढे रोज विचार करणार होती. राजेश्वरीनं सोडलं, कारण सकाळपासून तिनं पाहिलेल्या माणसांत हा एकच हात ओळखीचा होता.

खुर्चीपर्यंत आठ पावलं होती. तेवढ्यात तिनं हिशेब केला. साठवलेली चाचणी लावली तर खोटं उघडं पडेल. मग तेवीस मुलं, नऊ बाया, आणि दारावर पेट्रोल. खरी लावली तर डाखरेला मशीन खरं वाटेल. मग पुढच्या मुलांना पुन्हा खोटी लावता येईल, ती सुटतील. एक सोडून.

लास्यानं टोपी घालताना खांदे वर घेतले. मग आईकडे वळून हसायला गेली, पण आई काचेपलीकडे होती.

विशाखानं खरी चाचणी लावली.

निळी रेघ अर्ध्या मिनिटात चढली. भगवीही चढली, सहा महिन्यांत मुलगी बरीच मराठी शिकली होती. पण खालच्या रकान्यात एकच शब्द आला. सुहासनं तो वाचला नाही. वाचायची गरज नव्हती, अक्षरं मोठी होती.

“हां,” डाखरे म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं. “मशीन बरोबर आहे.” त्यानं खाली वाकून लास्याचा दंड धरला आणि तिला टोपीसकट खुर्चीवरून उचललं. तारा ताणल्या, तुटल्या. मुलगी ओरडली, मराठीत. “सोड! सोड ना!”

सुहासनं भिंतीला टेकवलेली नळी उचलली, ज्या नळीनं पोचूमामांना मारलं होतं तीच. त्यानं ती दोन्ही हातांनी डाखरेच्या मानेवर, कानामागे घातली. लाकूड चिरल्यासारखा आवाज झाला. डाखरे मुलीसकट गुडघ्यावर आला. सुहासनं पुन्हा मारलं. तिसऱ्या फटक्याला डोकं एका बाजूनं चेपलं.

“मॅडम, पळा!”

विशाखानं लास्याला डाखरेच्या हातातून ओरबाडून काढलं. त्याची बोटं अजून घट्ट होती. तिनं ती दातांनी सोडवली. व्हरांड्यातली चार मुलं पोचूमामांजवळून बाहेर पळाली, गवतात शिरली. ती लास्याला घेऊन खोलीत घुसली आणि कडी लावली. राजेश्वरीनं मुलीला जवळ घेतलं. विशाखा दाराला पाठ लावून काचेकडे तोंड करून उभी राहिली.

बाहेरचा आवाज आत येत नव्हता. काचेपलीकडे सुहास कोपऱ्यात होता, नळी समोर धरून. तो काहीतरी ओरडत होता. पहिल्या दोघांना त्यानं मागे रेटलं. तिसऱ्यानं खुर्ची फेकली. मग तो दिसेनासा झाला, आणि नुसते हात वरखाली होत राहिले. एकाचा कोयता दर वेळी जास्त लाल होऊन वर यायचा. एक माणूस मध्येच थांबला, हात दुखल्यासारखा झटकला आणि पुन्हा सुरू झाला. हे सगळं इतकं निःशब्द होतं, की मागे एक मूल दुसऱ्याला हळूच विचारत होतं, पाणी आहे का. विशाखानं आपल्या अंगानं काच झाकायचा प्रयत्न केला. काच मोठी होती.

मग ती माणसं एकदम दाराकडे वळून ऐकायला लागली, आणि पळाली. कारखान्याचा आगीचा बंब आला होता. त्याचा भोंगा त्यांना पोलिसांचा वाटला. पेट्रोल तसंच दारावर वाळलं.

चिंतलपेठमध्ये त्या दिवशी सदतीस माणसं मेली. कंपनीनं आठवड्याभरात तो रकाना काढून टाकला. सगळ्या यंत्रांमधून एकदम, एका संदेशानं. त्याला काही मिनिटं लागली.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात राजेश्वरी केंद्रात मदतनीस म्हणून लागली. मागच्या खोलीत ती आणि लास्या राहत. तिघी एकत्र जेवत. लास्या आता अखंड बोलायची, तिन्ही भाषांत, आणि मध्येच कधीतरी दिवसभर गप्प बसायची. राजेश्वरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “ताईनं सगळ्या पोराइले मराठी करून टाकलं. माह्याच पोरीच्या वेळेस मशीननं दगा दिला.” अशा वेळी विशाखा समोर असली, तर तीच काहीतरी काम काढून उठून जायची. तिनं ते कधी दुरुस्त केलं नाही. कितीदा तरी ठरवलं होतं, जेवण झाल्यावर सांगू. जेवण व्हायचं, लास्या मांडीवर येऊन झोपायची.

जिल्ह्याच्या न्यायालयात नऊ आरोपी होते. त्यांचे वकील निमजे हुशार माणूस. त्यांची मांडणी सोपी होती : डाखरे मराठी मुलांना सोडवायला गेला होता. मुलगी घाबरली म्हणून त्यानं तिला उचलून घेतलं. सुहास बोढेनं जुन्या रागातून त्याचा मागून खून केला, आणि ते पाहून जमावाचा तोल गेला. सुहासची आई मागच्या बाकावर बसली होती. तिच्या दारावर दीड वर्ष दोन्ही बाजूंचे लोक दगड मारत होते : यादी देणाऱ्याची आई, आणि डाखरेला मारणाऱ्याचीही.

विशाखा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. राजेश्वरी लास्याला घेऊन तिसऱ्या रांगेत होती.

“पहिल्या चार मुलांना तुम्ही खोटी चाचणी लावली, बरोबर?” निमजेंनी विचारलं.

“हो.”

“म्हणजे या यंत्रावर काहीही दाखवता येतं. मग पाचव्या मुलीच्या वेळी जे दिसलं तेही खोटंच असणार. डाखरेंना तिच्याविरुद्ध काही कळलंच नाही. त्यांनी तिला मारायला धरलं असं म्हणायला मग काही कारण उरत नाही. की यंत्र बिघडलं होतं, तुमच्या मदतनीस बाई म्हणतात तसं?”

“बाई, तुम्ही शपथेवर आहात,” न्यायाधीश म्हणाले.

तिनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही. सुहासच्या आईकडे पाहिलं.

“यंत्र बिघडलं नव्हतं,” ती म्हणाली. “पाचव्या मुलीला मी खरी चाचणी लावली. जाणूनबुजून. काय निघेल ते मला माहीत होतं, आणि निघाल्यावर डाखरे तिचं काय करेल तेही माहीत होतं. सकाळी त्यानं तिच्या बापाचं जे केलं तेच. बाकीची मुलं वाचावीत म्हणून मी तिला दिलं. सुहासनं ते होऊ दिलं नाही. तिला त्यानं वाचवलं. मी नाही.”

निमजेंनी आणखी काही विचारलं नाही. सुहासची आई पदर तोंडावर दाबून हुंदके द्यायला लागली.

बाहेर आवारात जीप उभी होती. सकाळी तिघी तिच्यातूनच आल्या होत्या. राजेश्वरी फाटकापाशी थांबली होती, लास्याचा हात धरून. विशाखा जवळ गेली.

“राजेश्वरी...”

“मी सोडलं तिले,” राजेश्वरी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तुमचा हात होता म्हणून मी सोडलं.”

“हो.”

“तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मले मालूम नाही. आणखी बावीस लेकरं होती तिथं. मी रोज रात्री माह्या एकीचाच विचार करतो, तुमाले सगळ्याइचा करा लागला. समजते मले.” ती थांबली. “आज नसतं सांगितलं तर त्या माणसाइले सोडलं असतं. ते पण समजते. पण आता तुमच्याजवळ बसून मले घास नाही उतरणार, ताई.”

तिनं कमरेची केंद्राची किल्ली सोडली, विशाखाच्या हातावर ठेवली आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागली. लास्या तिच्यासोबत ओढली गेली. थोडं पुढे जाऊन तिनं मागे वळून पाहिलं.

“ताई आपल्यासंगं नाही येत?” तिनं आईला मराठीत विचारलं.

राजेश्वरीनं उत्तर तेलुगूत दिलं. विशाखाला ते ऐकू आलं, आणि समजायला अजिबात वेळ लागला नाही.

“रादु,” ती म्हणाली. नाही येणार.